शंभर अंशांच्या पुढे

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, ओहायो, इंडियाना, मिनेसोटा अशा राज्यांत, तळघरातल्या किंवा कोठीच्या फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या दिसतात. जॅम आणि काकडीचं लोणचं तर असतंच, पण पुष्कळ घरांत त्याच्या शेजारी आख्खं जेवण असतं. राजमा आणि खिमा घालून केलेली चिली, बटाटा-गाजराचा मांसाहारी स्ट्यू, चिकन सूप, शिजवलेली कडधान्यं. हे सगळं फ्रीजमध्ये नव्हे, उघड्या फळीवर, वर्ष-वर्ष टिकतं. कामावरून दमून आलेलं माणूस बरणी उघडतं, पातेल्यात ओततं, उकळतं, आणि वीस मिनिटांत घर जेवायला बसतं.

यामागे हौस आहेच, पण गरजही आहे. परसातल्या टोमॅटो-मिरच्या ऑगस्ट-सप्टेंबरात एकदम अंगावर येतात. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम लागला की एका हरणाचं मांस घरात येतं आणि फ्रीझर भरून जातो. मग एखाद्या हिमवादळात दोन-तीन दिवस वीज जाते, तेव्हा त्या फ्रीझरचा भरवसा राहत नाही. बरणीला वीज लागत नाही. बाळंतीण घरी आली, आजारपण आलं, नोकरी सुटली, तरी फळीवरचं जेवण तयारच असतं. आपल्याकडे वर्षाचं धान्य भरून ठेवणाऱ्या घरात जी निश्चिंती असते तीच ही. फरक इतकाच, की इथे धान्य शिजवूनच भरलेलं असतं.

हा फरक मात्र साधा नाही. आपली साठवणीची सगळी विद्या पदार्थ बदलून टाकण्याची आहे. लोणच्यात मीठ, तेल आणि आंबटपणा असतो, मुरांब्यात साखर. पापड, कुरडया, सांडगे उन्हात वाळतात. सुकट-बोंबील मिठात आणि उन्हात. प्रत्येक ठिकाणी जंतूंना हवी असलेली एखादी गोष्ट आपण काढून घेतो. बहुतेक वेळा पाणी. बरणीतला स्ट्यू ओला असतो, बेताच्या मिठाचा असतो आणि आंबटही नसतो. तो ताज्या जेवणासारखाच राहावा हीच तर अपेक्षा असते. म्हणजे जंतूंच्या वाटेत उभं करायला आपल्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे उष्णता. आणि ती उकळत्या पाण्याची असून पुरत नाही.

ही कला सुरू झाली तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निकोला अपेर हा फ्रान्समधला मिठाईवाला. त्याने वर्षानुवर्षं खटपट करून काचेच्या बाटल्यांत मांस, भाज्या, वाटाणे, दूध भरलं, बुचं घट्ट बसवली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून पाहिल्या. फ्रेंच सरकारने १८१० साली त्याला १२,००० फ्रँक दिले, ते त्याने आपली रीत छापून सगळ्यांना खुली करावी या अटीवर. त्याने पुस्तक छापलं. अन्न का टिकतं हे मात्र त्याला सांगता आलं नाही. जंतूंवरचं पाश्चरचं संशोधन अजून अर्धशतक दूर होतं. त्याच १८१० साली इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि कारखान्यांची वाट सुरू झाली. घरगुती कॅनिंगची, म्हणजे अन्न बरणीत बंद करून टिकवण्याची, वाट वेगळी फुटली, ती १८५८ साली, जॉन मेसन या अमेरिकन माणसाने बरणीच्या गळ्यावर आटे पाडले तेव्हा. फिरकीच्या झाकणाची ती बरणी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. मेसनच्या हाती मात्र त्यातून फारसं काही लागलं नाही. पेटंटची मुदत १८७९ मध्ये संपली, बरण्या दुसऱ्यांनी विकल्या, आणि १९०२ साली तो न्यूयॉर्कमध्ये गरिबीत वारला. आज वापरतात ते दोन भागांचं झाकण, म्हणजे मऊ पट्टी लावलेली सपाट चकती आणि तिला धरून ठेवणारं आट्यांचं कडं, हे १९१५ च्या सुमारास अलेक्झांडर कर याने आणलं.

बरणी आली, झाकण आलं. आता शत्रू ओळखायला हवा.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत राहतो. जगभरच्या मातीत, म्हणजे बटाट्यावर, गाजरावर, कांद्यावरही तो येणारच. प्रतिकूल काळात तो बीजाणूच्या रूपात जातो, आणि हा बीजाणू एरवी कुणाचं फारसं वाईट करत नाही. आपण तो भाजीबरोबर खातो आणि आपल्याला कळतही नाही. त्याला रुजायला चार गोष्टी एकत्र लागतात. प्राणवायू नसावा, ओल असावी, तापमान खोलीइतकं असावं, आणि आंबटपणा कमी असावा. झाकण लावून उकळलेल्या स्ट्यूच्या बरणीत या चारही गोष्टी आपण स्वतःच्या हाताने जमवून देतो. उकळल्यामुळे बाकीचे जंतू मेलेले असतात, त्यामुळे स्पर्धाही उरत नाही. मग बीजाणू रुजतो, वाढतो आणि एक विष सोडतो. हे विष माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी आहे. त्याला वास असेलच असं नाही, चवही कळेलच असं नाही. साधारण १२ ते ३६ तासांत पापण्या जड होतात, एकाची दोन दिसू लागतात, जीभ अडखळते, घास गिळवत नाही, आणि मग स्नायूंचा अशक्तपणा वरून खाली उतरत उतरत श्वासापर्यंत पोचतो.

१९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरणीबंद काळ्या ऑलिव्हमुळे दूरच्या राज्यांत माणसं दगावली, तेव्हा या बीजाणूंचा नेटाने अभ्यास सुरू झाला. एस्टी आणि मेयर या दोन संशोधकांनी १९२२ साली मोजून दाखवलं, की यांतले चिवट बीजाणू १०० अंश सेल्सियसला ३३० मिनिटांपर्यंत तग धरतात. साडेपाच तास. तेच १२० अंशांना चार मिनिटांत संपतात. वीस अंशांचा फरक आणि तासांची मिनिटं. उघड्या भांड्यातलं पाणी कितीही मोठ्या आचेवर ठेवलं तरी १०० च्या वर चढत नाही. आच वाढवली तर फक्त वाफ जास्त होते. पाण्याला १०० च्या पुढे न्यायचं तर दाब लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ पासूनच आंबट नसलेल्या पदार्थांसाठी दाबाचं कॅनिंग सांगायला सुरुवात केली होती, ती याच कारणाने.

सीमारेषा आहे पीएच ४.६ ची. याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट पदार्थात, बोट्युलिनम रुजत नाही. तिथे उकळतं पाणी पुरतं. जॅम, फळं, व्हिनेगरमधली लोणची या बाजूला येतात. मांस, मासे, दूध, कडधान्यं, टोमॅटो सोडून जवळजवळ सगळ्या भाज्या दुसऱ्या बाजूला. टोमॅटो नेमका काठावर आहे. म्हणून नुसत्या टोमॅटोच्या बरणीत अर्ध्या लिटरमागे एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायला सांगतात, तोही बाटलीतला, कारण झाडावरच्या लिंबाचा आंबटपणा प्रत्येक लिंबागणिक बदलतो आणि बाटलीतल्याचा ठरावीक असतो.

सीमा ओलांडली तर काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण ओहायोतल्या लँकेस्टर गावचं आहे. एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या एका चर्चच्या आवारात सहभोजन झालं. प्रत्येकाने घरून काही ना काही आणलं होतं. एका बटाट्याच्या सॅलडमध्ये घरी बरणीबंद केलेले बटाटे होते, आणि त्या बरण्या दाबाखाली न शिजवता उकळत्या पाण्यात काढलेल्या होत्या. २९ जण आजारी पडले, एक जण दगावला. ज्याने ते बटाटे केले त्याने निष्काळजीपणा केला असं मला म्हणवत नाही. बरणी घट्ट लागलेली असणार, पाणी खळखळ उकळलेलं असणार, बटाटे चांगले दिसत असणार. डोळ्याला, नाकाला, जिभेला जे जे तपासता येतं ते सगळं ठीक असूनही अन्न विषारी असू शकतं, हे स्वयंपाकघरातल्या आपल्या सगळ्या अनुभवाच्या उलट आहे. म्हणूनच या एका कामात हाताच्या अंदाजावर विसंबून चालत नाही.

आता एक बरणी प्रत्यक्ष भरली जाताना पाहू. अमेरिकन कृषी खात्याच्या मार्गदर्शक पुस्तकात चिलीची रीत आहे. तीन कप राजमा किंवा पिंटो बीन्स १२ ते १८ तास भिजवायचे, ते पाणी टाकून नव्या पाण्यात मीठ घालून अर्धा तास मंद उकळायचे आणि निथळायचे. दीड किलोच्या आतबाहेर खिमा कांदा-मिरचीबरोबर परतायचा आणि सुटलेली चरबी काढून टाकायची. तिखट, मिरपूड, मीठ, भरपूर टोमॅटो आणि निथळलेला राजमा घालून सगळं मिळून पाच मिनिटं उकळायचं. राजमा अजून पुरता शिजलेला नाही, चव अजून मुरलेली नाही, पण इथेच थांबायचं, कारण पुढचं शिजणं बरणीत व्हायचं आहे.

गरम चिली गरम बरणीत जाते, काठापासून एक इंच खालपर्यंत. हा इंच कडधान्य फुगण्यासाठी आणि उकळी वर येण्यासाठी. पातळ, चपट्या पट्टीने कडेकडेने अडकलेली हवा मोकळी करतात. मग ओल्या स्वच्छ कापडाने बरणीचा काठ पुसतात. काठावर तेलाचा एक थेंब राहिला तरी चकती नीट चिकटत नाही, आणि चरबी आधी काढून टाकण्याचं एक कारण हेच. चकती ठेवून कडं बोटांच्या जोराने बसेल इतकंच फिरवायचं. फार आवळलं तर आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही.

मग बरण्या कॅनरमध्ये, म्हणजे दाबाच्या मोठ्या भांड्यात जातात. त्याच्या तळाला दोन-तीन इंच पाणी असतं. बरण्या जाळीवर उभ्या राहतात, पाण्यात बुडत नाहीत. त्यांना तापवते ती वाफ. झाकण लावल्यावर वजन लगेच ठेवत नाहीत. नळीतून वाफेचा सरळ झोत येऊ लागला की घड्याळ लावून दहा मिनिटं ती तशीच जाऊ देतात. आत हवा राहिली तर दाब बरोबर दिसतो पण तापमान कमी भरतं, म्हणून हा सगळा उपद्व्याप. मग वजन ठेवायचं, दाब हवा तितका झाला की वेळ मोजायला सुरुवात. अर्ध्या लिटरच्या बरणीला ७५ मिनिटं. मध्ये दाब एकदा जरी खाली घसरला तरी तो पुन्हा वर आणून ७५ मिनिटं पहिल्यापासून मोजायची. वेळ झाली की गॅस बंद, आणि कॅनरला हात लावायचा नाही. वर गार पाणी ओतून दाब उतरवणं इथे चालत नाही. सावकाश निवण्याचा काळही बीजाणू मारण्याच्या हिशोबात धरलेला आहे, आणि घाईने दाब उतरला तर बरणीतला रस्सा उसळून बाहेर येतो. बरण्या कापडावर १२ ते २४ तास निवतात. आतली वाफ आकसते, चकती मध्यभागी खाली ओढली जाते आणि टक् असा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी चकतीचा मध्य बोटाने दाबून पाहतात. वर-खाली झाला तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून लवकर खाऊन टाकायची.

दाब किती, हे गावाच्या उंचीवर ठरतं. वजनाच्या कॅनरला समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत १० पौंड आणि त्यावर १५ पौंड. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. आपल्याकडचा हिशोब लावला तर मुंबई-रत्नागिरीला १० पौंड चालतील, पुण्याला आणि नाशिकला १५ लागतील.

पुण्याचं नाव निघालं की आपला कुकर आठवणारच. वजनाच्या शिट्टीचा कुकरही साधारण १५ पौंडांवरच काम करतो. तरीही तो कॅनिंगला चालत नाही. एक लिटरच्या चार बरण्या उभ्या मावतील इतकं मोठं भांडं असलं तरच ते कॅनर धरतात. लहान कुकर झटकन तापतो आणि झटकन निवतो, आणि ठरवलेल्या मिनिटांमध्ये ते तापणं-निवणंही धरलेलं असतं. शिवाय आपण शिट्ट्या मोजतो, आणि प्रत्येक शिट्टीला दाब खाली येतो. परदेशातल्या घरांत विजेवरचे मल्टीकुकर असतात, त्यांच्यातही ही मिनिटं लागू नाहीत. डाळ-भाताला उत्तम असलेलं भांडं इथे अपुरं पडतं, त्यात त्याचा कमीपणा नाही.

आता जेवणाच्या बरणीतला सगळ्यात अवघड मुद्दा. वाफ बरणीला बाहेरून तापवते. मधल्या घासापर्यंत ती उष्णता पोचायला हवी. पातळ रश्श्यात गरम भाग वर चढतो, थंड खाली येतो आणि ढवळल्यासारखं होऊन मध्य लवकर तापतो. दाट पदार्थात असं फिरणं होतच नाही. पातेल्यातलं पिठलं पाहिलंत तर कळेल: तळाला लागायला लागतं, मधून फटफट बुडबुडे फुटतात, आणि वरचा थर अजून कोमट असतो. बरणीत ढवळायला पळी नाही. म्हणून मैदा, बेसन, कॉर्नफ्लॉर घालून दाट केलेलं काहीही बरणीत जात नाही. भात, नूडल्स, पास्ता जात नाहीत. ते फुगून सगळा रस्सा पिऊन घेतात आणि मधे घट्ट गोळा होतो. दूध, साय, लोणीही नाही. भोपळा एक इंची फोडी करून पाण्यात चालतो, त्याचाच गर कुस्करून चालत नाही, कारण प्रत्येक गराचा दाटपणा वेगळा आणि कुणाला एकच वेळ ठरवून देता येत नाही. सूप भरताना बरणी अर्ध्यापर्यंतच घट्ट तुकड्यांनी भरायची, उरलेला भाग नुसता पातळ रस्सा.

म्हणजे चिलीत पीठ का नाही, याचं उत्तर चवीत नसून उष्णतेच्या वाटेत आहे. अनुभवी घरं त्यामुळे पदार्थाचे दोन भाग करतात. मांस, कडधान्य, भाजी, पाणी हा भाग बरणीत. दाटपणा, साय, शेवया, कोथिंबीर, चीज हा भाग उघडायच्या दिवशी. हौशी माणसाची सगळी कलाकारी या दुसऱ्या भागात आहे, आणि मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते: बरणीत नियम, पातेल्यात मोकळीक.

उघडण्याचीही एक शिस्त आहे. आधी बरणी डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहायची. चकती फुगलेली, काठाशी ओघळ, आतून वर चढणारे बुडबुडे, उघडताना उडालेला फवारा, यांतलं काहीही दिसलं तर बरणी गेली. चाखून खात्री करायची नाही, जनावरालाही घालायची नाही. सगळं ठीक दिसलं, पण दाब-वेळ पाळले होते का याची शंका असेल, तरीही ती खायची नाही. ज्या बरणीबद्दल शंकाच नाही, तीही अनेक जण जास्तीची खबरदारी म्हणून दहा मिनिटं उकळतात. बीजाणू चिवट असला तरी त्याचं विष मात्र उकळण्याने मोडतं.

महाराष्ट्रात कॅनिंग हा शब्द घराघरात पोचला तो कोकणातून. हापूसच्या हंगामाच्या शेवटी डागी, लहान, फार पिकलेला आंबा ‘कॅनिंगचा’ म्हणून कारखान्याला जातो आणि रसाचे डबे होतात. हापूसचा रस पीएच ४.६ च्या खाली बसतो, त्यामुळे त्याला दाब लागत नाही. तो अनुभव डोळ्यांपुढे ठेवून कुणी त्याच रीतीने मटणाचा रस्सा बाटलीत भरायला गेलं, तर लँकेस्टरचीच गत होईल. आपल्या बाजारात मिळणाऱ्या तयार राजमा, पालक-पनीरच्या पाकिटांमागे मोठं दाबयंत्र आणि मोजमाप असतं; म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेने असं टिकाऊ पाकीटबंद जेवण जवानांसाठी विकसित केलं.

न्यूजर्सी-मिशिगनकडच्या मराठी घरांत हा प्रश्न खरोखर येतो: आपलं जेवण बरणीत भरता येईल का? आमटी नाही. घोटलेली तूरडाळ निवताना घट्ट होते आणि तिच्यासाठी तपासलेली वेळ नाही. पिठलं, कढी, नारळाच्या वाटणाची उसळ, मसालेभात, हेही नाही. मात्र राजमा, छोले, चवळी यांना तपासलेली वाट आहे: भिजवून, अर्धा तास उकळून, त्याच गरम पाण्यासकट बरणीत, एक इंच जागा सोडून, अर्ध्या लिटरला ७५ आणि एक लिटरला ९० मिनिटं, गावाच्या उंचीप्रमाणे दाब. फोडणी, आलं-लसूण, गोडा मसाला, चिंच-गूळ, ओलं खोबरं सगळं वरून, खायच्या दिवशी. अशा चवळीची उसळ वीस मिनिटांत होते आणि दाणा अख्खा राहतो. मोड आलेली मटकी यात बसत नाही; तपासलेली रीत आहे ती कोरड्या कडधान्याची, मोडांची नाही. तिच्यासाठी फ्रीझरच.